आईस्क्रीमवर खापर फोडायचं आधी बंद करा

आज डोकं सटकलंय, पोस्ट मोठी होणार. कंटाळा आला तर पुढं सरका, राग नाही.

संध्याकाळी पतसंस्थेतनं सुटून राजारामपुरीत एका मेडिकलात थांबले होते. पुढं एक पोरगी, पंचविशीची असेल, खांद्यावर दोन-अडीच वर्षांचं लेकरू. त्याची लाळ गळून गळून तिच्या ड्रेसचा खांदा चिंब. "ताप आहे, कालपासनं पाणीसुद्धा घेईना, घशात पांढरं पांढरं दिसतंय," हे तिचं बोलून व्हायच्या आत काउंटरवर अँटिबायोटिकची बाटली आलीसुद्धा. चिठ्ठी नाही. वजन किती, विचारलं नाही. आणि माझ्या मागनं एक काकू, "पावसापाण्याचं आईस्क्रीम चारलं असणार. आजकालच्या आयांना काय..."

ती पोरगी एवढीशी झाली. काकूंना मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांची सून माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये निघायची.

आमच्या बारक्याला हेच झालं होतं गेल्या पावसाळ्यात. संध्याकाळपर्यंत अंगणात हुंदडणारं पोर, रात्री एकदम सणसणून ताप. सकाळी दुधाचा पेला तोंडाला लावला तर एक घोट घेतला, डोळे विस्फारले आणि माझा कुर्ता दोन्ही मुठीत धरून असं रडलं की शेजारचे दारात. घरात लगेच निदानं सुरू. उष्णता झालीय. दृष्ट लागलीय. पडजीभ पडलीय, बोट घालून उचलायला पाहिजे. लाडावलंय, दोन दिवस उपाशी राहिलं की आपोआप खातंय.

लाडावलंय म्हणे! तुमच्या घशात दहा ठिकाणी सालटं निघालेली असताना वर तांबडा रस्सा ओता आणि मग बोला.

डॉक्टरांनी बॅटरी मारून मलाही दाखवलं. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना आणि टाळूच्या मागच्या मऊ भागावर मोहरीएवढे राखाडी-पांढरे फोड, प्रत्येकाभोवती लालभडक कडं. म्हणाले, हर्पँजायना. बहुतेक वेळा कॉक्सॅकी जातीच्या व्हायरसनं होतो, पाच वर्षांच्या आतल्या पोरांना जास्त. तळहात-तळपायावर पण फोड आले की त्याला हँड-फूट-माऊथ म्हणतात, खानदान तेच. ताप दोन ते चार दिवस, फोड आठवड्याभरात आपले आपण भरतात. अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही, त्यामुळं देत नाही. तापाचं आणि दुखण्याचं पॅरासिटामॉल लिहिलं आणि म्हणाले, गार द्या, पातळ द्या, पोटात पाणी जाऊ दे.

बाहेर आल्यावर आमच्या मालकांचा चेहरा बघण्यासारखा. "फी घेतली आणि औषध तर काहीच दिलं नाही!" आता बोला. डॉक्टर उगीच अँटिबायोटिक लिहितात म्हणून आपण ओरडतो, पण दिलं नाही की डॉक्टर बदलणारेही आपणच. हे मान्य करावंच लागतंय. आणि घशाच्या काही दुखण्यांना अँटिबायोटिक खरंच लागतं, हेही खरं. पण ते घसा बघून डॉक्टरनं ठरवायचं, काउंटरवरनं नाही.

हा कॉक्सॅकी १९४८ पासून माहीत आहे हो जगाला. तो थुंकीतनं, खोकल्यातनं आणि पोराच्या शीमधनं पसरतो. आईस्क्रीममधनं नाही! उलट बारक्याच्या पोटात पहिल्यांदा काही गेलं असेल तर ते व्हॅनिला आईस्क्रीमच. गारव्यानं ठणका कमी होतो, साखर-दूध पोटात जातं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, चारचौघात नाक कापल्यासारख्या. मी आपली चमच्याच्या टोकावर घेऊन ओठावर टेकवत होते. तिसऱ्या चमच्याला त्यानं जीभ बाहेर काढली आणि मला रडू फुटलं.

पुढचे दिवस तेच. पॅरासिटामॉल वेळेवर द्यायचं, मग अर्ध्या-पाऊण तासानं, दुखणं जरा उतरलं की खायला-प्यायला पुढं करायचं. ही एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपण दुखणं ऐन भरात असताना वाटी घेऊन मागं लागतो आणि पोर चमचा बघूनच पळतंय. गार दूध, ताजं गोड दही, फ्रिजमधली पातळ खीर. ओआरएस गार करून, सुई नसलेल्या सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं. मोसंबीचा रस नाही, लिंबू सरबत नाही, चुरचुरतंय. भात-भाजी दोन दिवस नाही खाल्ली तर काही बिघडत नाही. पाणी नाही गेलं तर बिघडतंय.

पॅरासिटामॉलच्या डोसाचं मात्र नीट ऐका. पोराच्या वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास आणि दिवसाला चारच्या वर नाही. आणि बाटली वाचा, बायांनो! ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२५ किंवा २५०. शेजारणीनं "आम्ही एक चमचा देतो" म्हटलं म्हणून आपण द्यायचं नाही. अ‍ॅस्पिरिन तर पोरांना अजिबात नको.

आता टाकणखार. सासूबाईंनी लाही करून मधात खलून आणलीच होती, बोटाला लावून. त्यांची माया मला कळत नाही असं नाही. रात्रभर त्याही जाग्याच होत्या, बारक्या त्यांच्याच मांडीवर झोपत होता. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो लहान पोरांच्या पोटात जायची वस्तू नाही. आणि मध वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नाही, कितीही शुद्ध असला तरी. मेडिकलात मिळणारी तोंडाची जेलं पण तशीच. काही तोंड बधिर करतात, काहींत अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं सॅलिसिलेट असतं. डॉक्टरला विचारल्याशिवाय लहानग्यांना लावायची नाहीत. सासूबाईंना मी म्हटलं, "आई, तुम्ही फक्त त्याला धरून बसा, तेच औषध आहे." रागावल्या. चहाच्या वेळेला आल्या परत.

घाबरायचं कधी, तर सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेत, पोर मलूल पडलंय, मान ताठ, सारख्या उलट्या, किंवा ताप तीन दिवसांच्या पुढं. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, दवाखाना गाठायचा. आणि फोड तोंडाच्या पुढच्या बाजूला असतील, हिरड्या सुजून रक्त येत असेल तर ते बहुधा हर्पिस नावाच्या दुसऱ्या व्हायरसचं, वेगळं दुखणं. त्याचं औषध सुरुवातीलाच सुरू केलं तर उपयोग होतो, म्हणून तेही लवकर दाखवा.

बालवाडीचं सांगते आणि थांबते. ताप असलेलं पोर पॅरासिटामॉल पाजून बालवाडीत सोडू नका. हो, माहीत आहे, रजा मिळत नाही, माझाही पगार कापला गेला होता. तरी नका सोडू. आणि ताप उतरला तरी व्हायरस शीमधनं काही आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून ढुंगण धुतल्यावर साबणानं हात खसाखसा. सॅनिटायझर या व्हायरसला फारसं जुमानत नाही.

त्या पोरगीला मी ती बाटली परत करायला लावली आणि पलीकडच्या गल्लीतल्या मुलांच्या डॉक्टरांकडं नेऊन बसवलं. नंबर होता सतरावा. मी घरी आले, भाकरी टाकल्या, आणि हे लिहायला बसले.

कमेंटमध्ये टाकणखार कुणी लिहिलात तर उडवीन.