साहेबाच्या काळातला हवालदार खरंच सुखी होता?

मुंबईतल्या एका जुन्या पोलीस ठाण्याचा काळा-पांढरा फोटो फिरतोय. खाली मजकूर असा: ‘इंग्रजांच्या काळी पोलीस कडक खाकीत असायचा, चिरीमिरी ठाऊक नव्हती, ड्युटी वेळेत संपायची, राहायला सरकारी घर. सगळं बिघडलं ते नंतर.’ मला हा तिसऱ्यांदा आला, तेव्हा म्हटलं आता लिहावंच.

खाकीचं आधी उरकतो. मुंबई शहरातला जुना शिपाई निळ्या कपड्यांतला. निळा डगला, निळी अर्धी चड्डी, डोक्यावर पिवळी चपटी टोपी. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं तो तसाच दिसायचा. ‘पांडू’ म्हणून त्याची टिंगल व्हायची तीही याच वेशात.

चिरीमिरीबद्दल साहेबालाच विचारू. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली देशभरच्या पोलिसांसाठी आयोग नेमला. आयोगाने सांगितलं ते असं, की दल अकार्यक्षम आहे आणि लोक त्याला भ्रष्ट व जुलमी समजतात. शिपायाचा पगार वाढवा, हेही त्यांनीच सुचवलं. पगार पोटाला पुरत असता तर हे सुचवायची वेळ आली नसती.

आता घर. क्रॉफर्ड मार्केटसमोर आयुक्तालयाची दगडी वास्तू 1896 पासून उभी आहे, देखणी आहे, वादच नाही. पण फोटो काढावा असं शिपायाच्या खोलीत काही नसायचं. 1920 च्या दशकात इंग्रज सरकारने वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडीला बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या. त्यांत पुढे पोलिसांच्या पिढ्या गेल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. भिंतीच्या खिळ्याला गणवेश, खाली पट्टा आणि बूट. बाप नाईट करून येऊन झोपला की पोरांनी आवाज न करता दप्तरं उचलायची आणि अभ्यासाला पॅसेजमध्ये बसायचं. याला ‘सरकारी घर’ म्हणायचं तर म्हणा.

‘बिघडलं ते नंतर’ म्हणणाऱ्यांना 1982 आठवत नसावं. गिरण्या संपावर होत्याच. 18 ऑगस्टला मुंबईचे पोलीसही बंड करून रस्त्यावर उतरले आणि लष्कर बोलवावं लागलं. एवढी खदखद काही एका पावसाळ्यात साचत नाही; तिची मुळं जुनीच.

राहिली ड्युटी. बंदोबस्त लागला की सुटी रद्द, रिलीव्हर आला नाही की पुढची पाळीही आपलीच, हे ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत सुरू झाला तो देवनार पोलीस ठाण्यात, 2016 साली. तेव्हा साहेबाला जाऊन 69 वर्षं झाली होती.