सुटे स्टड विकणारा दुकानदार पेटंटचोर नाही

ठाण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या फुटबॉलच्या बुटाच्या तळाशी असणाऱ्या खुंट्यांबद्दल, म्हणजे स्टडबद्दल, एक मेसेज फिरतोय: "बुटाला स्क्रूने बसणाऱ्या स्टडचं पेटंट 1954पासून ॲडिडासकडे आहे. अमेरिकेत यावर खटलेही झालेत. सुटे स्टड घेणं-विकणं गुन्हा, पोलीस बूट जप्त करतील." दादोजी कोंडदेव स्टेडियमवर पोरं पाठवणारे आईबाप घाबरलेत, म्हणून हे लिहितोय.

1954पासून पेटंट? त्या वर्षी बर्नच्या पावसात पश्चिम जर्मनीने हंगेरीला 3-2 हरवून वर्ल्ड कप नेला आणि ॲडिडासच्या आडी दास्लरचे स्क्रू स्टड गाजले, हे खरं. (त्याच्या सख्ख्या भावाची पूमा मात्र 1952 सालचा आपला बूट पुढे करते.) पण पेटंट म्हणजे सातबारा नव्हे, पिढ्यानपिढ्या चालायला. भारतात ते अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांत संपतं. परदेशातलं पेटंट तर इथे लागूच होत नाही.

खटले झाले, पण कशावर? मॅकनील इंजिनिअरिंग आणि ट्रायस्पोर्ट या कंपन्या मॅसॅच्युसेट्समध्ये कोर्टात भिडल्या त्या गोल्फच्या बुटाच्या काट्यांवरून. काटे काढता-घालता येतात ही कल्पना कोणाच्याच मालकीची नव्हती. अशा दाव्यात काटा तळव्यात कसा अडकतो, उलटा फिरून सुटू नये म्हणून काय केलंय, याचा शब्दन् शब्द तपासला जातो.

सुटे स्टड घेणं गुन्हा, हा दावा जरा नीट बघू. बूट रीतसर विकत घेतलाय आणि झिजलेला भाग बदलला, तर ती दुरुस्ती. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1961मध्ये मोटारीच्या कापडी टपाच्या खटल्यात हेच मानलं. मात्र स्टडवरच स्वतंत्र, चालू भारतीय पेटंट असेल तर नक्कल बनवणं, विकणं उल्लंघन ठरू शकतं; भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 48मध्ये वापरणंसुद्धा येतं. तरी तो दिवाणी दावा, जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वर चालणारा. त्यात पोलिसांचं काम नाही.

जप्ती होते ती बहुधा खोट्या लोगोच्या मालाची, म्हणजे ट्रेडमार्कच्या कायद्याखाली. मेसेजवाल्याने दोन्हींची गल्लत केलीय.

दुकानदाराला कोणी पेटंटचा धाक दाखवलाच तर आधी भारतीय पेटंटचा नंबर मागावा. पेटंट कार्यालयाच्या साइटवर तो फुकट तपासता येतो. धमकी बिनबुडाची निघाली तर पेटंट कायद्याच्याच कलम 106खाली दुकानदारच कोर्टात जाऊ शकतो, नुकसानभरपाईसकट.