फीड वाढवल्यामुळे बिट तुटलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकाजी,

ॲक्रिलिक कापताना ते का वितळतं, या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत, पण सोबत सेटिंगचे सगळे आकडेही दिलेत. त्यामुळे नेमकं उत्तर देता येतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हिंगणा एमआयडीसीत तुम्ही आयुष्यभर मिलिंग केलं. जॉब (कापायचा तुकडा) तापला की फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, उतरवायचा आणि कूलंट (थंड करणारं द्रव) सोडायचं, हे तिथे सुरुवातीलाच शिकवतात. मी मात्र नवख्यांना फीड वाढवायला सांगतो. नातवाच्या ३०१८ मशीनवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या छोट्या कापायच्या यंत्रावर, तुम्ही घराच्या नावाची पाटी कापायला घेतली, अक्षरांच्या कोपऱ्यांत प्लास्टिक वितळलं, म्हणून फीड ३०० वरून १,२०० केला, तर बिटच (फिरणारं कापायचं पातं) तुटलं. आणि नागपूरच्या मे महिन्यात प्लास्टिक कापायलाच घेऊ नये, असा तुमचा निष्कर्ष.

फीडबद्दलचं माझं मत कायम आहे. कारण तुमच्याच कामातून सांगतो.

साधं स्टील ॲक्रिलिकपेक्षा सुमारे अडीचशे पट चांगली उष्णता वाहून नेतं, ॲल्युमिनियम तर हजारएक पट. धातूत कटरच्या टोकाशी निर्माण झालेली उष्णता जॉबमध्ये पसरते. ॲक्रिलिकमध्ये ती जागची हलत नाही, आणि साधारण १०५ अंशांना ॲक्रिलिक मऊ पडू लागतं. तिथली उष्णता बाहेर नेते ती मुख्यतः चिप, म्हणजे कापून निघणारा कीस. फीड उतरवला की चिप पातळ होते, आणि एका मर्यादेनंतर बिट कापायचं सोडून नुसतं घासत राहतं. स्टेनलेसवर कटर घासत राहिला तर ती जागा कडक होते आणि पुढच्या पासला (फेरीला) कटरची धार जाते, हे तुम्ही नक्की पाहिलं असेल. तिथे कोणताही चांगला मिलर फीड उतरवत नाही, चिप धरायला लावतो. ॲक्रिलिक कडक होण्याऐवजी मऊ होतं, एवढाच फरक. दोष घासण्याचाच.

आता तुमचे आकडे. दोन फ्लूटचं (म्हणजे दोन खाचा आणि दोन धारा असलेलं) ३.१७५ मिमीचं बिट, १०,००० आरपीएम, फीड मिनिटाला ३०० मिमी. ३०० ला आरपीएम आणि फ्लूट यांच्या गुणाकाराने भागलं तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१५ मिमी येतात. हे घासणंच झालं. १,२०० ला ०.०६ मिमी येतात, हा आकडा वाईट नाही. पण ३ मिमीची शीट तुम्ही एकाच पासमध्ये कापत होता, तेही लाकडासाठीच्या बिटाने. पहिल्या प्रयत्नात वितळलेलं प्लास्टिक बिटाच्या खाचेत बसलेलं असणार. खाच भरली की चिपला बाहेर पडायला वाट नाही, बिट गुळगुळीत सळई होऊन जातं आणि फीड त्याला बाजूने ढकलत राहतो. अशा अवस्थेत ते तुटायचंच, फक्त १,२०० ला लवकर तुटलं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बिट बदला. प्लास्टिकसाठी एकच फ्लूट असलेलं बिट घ्या, त्याची खाच मोठी असते. मग एका पासमध्ये कापायची खोली अर्धा ते पाऊण मिलिमीटरवर आणा. ३०१८ ची चौकट आणि छोटी मोटर याहून जास्त पेलत नाही, तुमच्या मिलिंग मशीनच्या सवयी इथे चालणार नाहीत. या दोन गोष्टी झाल्यावर फीड ६०० ते ८०० ठेवा. एका फ्लूटला चिप ०.०६ ते ०.०८ मिमी पडते.

“कोपऱ्यांत वितळलं” हे तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. स्क्रीनवर लिहिलेला फीड मशीन प्रत्यक्षात गाठतं असं नाही. प्रत्येक तीव्र वळणाला ते जवळजवळ थांबतं आणि पुन्हा वेग घेतं. तो वेग किती झपाट्याने घ्यायचा हे ॲक्सलरेशनची सेटिंग ठरवते, आणि जीआरबीएलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ती मुळात सेकंदाला १० मिमी प्रति सेकंद असते. तेवढ्यावर दोन कोपऱ्यांमध्ये ५ मिमी अंतर असेल तर तुम्ही फीड काहीही टाका, मशीन सव्वाचारशेच्या पुढे जातच नाही, आणि कोपऱ्याजवळ तर त्याच्याही बरंच खाली असतं. देवनागरी अक्षरांत काना, मात्रा, जोडाक्षरं धरून असे कोपरे ठायी ठायी येतात. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) मात्र त्याच वेगाने फिरत राहतो, म्हणजे घासणं आलंच. लांब सरळ रेघ स्वच्छ आणि “श्री”चे कोपरे चिकट, असं त्यामुळे होतं. कन्सोलमध्ये (मशीनला आज्ञा टाइप करायच्या जागी) $$ टाकून ॲक्सलरेशनच्या १२० आणि १२१ क्रमांकाच्या सेटिंग पाहा. आकडा कमी असेल तर थोडा थोडा वाढवा आणि प्रत्येक वेळी मोटरच्या स्टेप (पावलं) चुकत नाहीत ना ते तपासा. बारीक अक्षरांसाठी आरपीएम ८,००० च्या आसपास आणला तरी फरक पडेल. या मोटरचा आरपीएम स्क्रीनवर दिसतो तसा नसतो, भार पडला की उतरतो, असं तुम्ही लिहिलंय. ते अगदी बरोबर आहे, तेव्हा आकड्यापेक्षा चिपकडे बघून ठरवा.

शीट कोणती, हे तुम्ही लिहिलं नाही. कास्ट (साच्यात ओतलेल्या) ॲक्रिलिकची चिप कोरडी, सुटी पडते. एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेलं) स्वस्त असतं, पण लवकर चिकटतं आणि त्याचे दोरे निघतात. दुकानदाराला स्पष्ट विचारून कास्टच घ्या, आणि घरी आणल्यावर व्हर्नियरने चार ठिकाणी जाडी मोजा. कास्ट शीट सगळीकडे सारखी जाड नसते.

कूलंट मात्र ३०१८ वर नको. खालची एमडीएफची (लाकडाच्या तंतूंची) फळी फुगते आणि कंट्रोल बोर्ड उघडाच असतो. चिप तिथेच पडून पुन्हा कापली जाऊ नये, एवढं साधलं तरी पुरे. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बिटाजवळ धरा किंवा हवेचा झोत सोडा. कापून झाल्यावर पाटी स्पिरिटने किंवा थिनरने पुसू नका, कापलेल्या कडांवर केसासारख्या भेगा पडतात. साबणाचं पाणी घ्या.

उन्हाचं बोलायचं तर नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) खोली ४५ अंशांवर गेली तरी १०५ ला अजून ६० अंश बाकी असतात. घासणारं बिट ते अंतर काही क्षणांत कापतं, मग महिना मे असो की डिसेंबर. उन्हाचा खरा त्रास वेगळा आहे. दुहेरी चिकटपट्टी सैल होते, शीट थरथरते आणि कडा खडबडीत येते. शिवाय ३०० मिमीची शीट तापमान १५ अंशांनी वाढलं की सुमारे ०.३ मिमी लांब होते. दुपारी कापलेला तुकडा रात्री कूलरसमोर खाचेत बसवायला गेलात तर सैल वाटेल. मे महिन्यात सकाळी कापा, कडेने क्लॅम्पही लावा, पण काम बंद ठेवायची गरज नाही.

ॲक्रिलिक जमत नसेल तर सनबोर्ड लेझरने कापतो, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. तेवढं करू नका. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो. लेझरने जळाला की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो, तो फुप्फुसांना घातक आणि मशीनलाही गंज आणणारा. नातू शेजारी उभा असतो म्हणालात, म्हणून हे जोर देऊन सांगतो. बिट तुटताना त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, हेही तुमच्या लिहिण्यात आलं. दोघांसाठी चष्मे आणल्याशिवाय स्पिंडल सुरू करू नका.

नवं बिट आलं की पाटीला लगेच हात लावू नका. उरलेल्या तुकड्यावर १०० मिमीच्या सरळ रेघा मारा, खोली अर्धा मिमी, फीड ४००, ६००, ८००. प्रत्येक रेघेची चिप वेगवेगळ्या कागदावर गोळा करून बोटांत चोळा. चुरा पडत असेल किंवा दोरा होऊन चिकटत असेल तर फीड अजून कमी आहे. मग त्याच तुकड्यावर एकटं “श्री” कापा. कोपरा तरीही चिकटला तर ॲक्सलरेशनचा आकडा आणि शीटचा प्रकार इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.