तीन चौरस फूट

"चित्र येत नाही म्हणजे टीव्हीच गेलाय, काका," दुकानातला पोरगा मी परत आणलेल्या कन्व्हर्टरच्या खोक्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाला.

टीव्हीला काहीही झालेलं नाही. नेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणाऱ्या नव्या स्टिकला फक्त एचडीएमआय, म्हणजे नव्या टीव्हींची जोडणी, आहे आणि २१ इंची डबा टीव्हीला जुन्या एव्ही जोडणीची पिवळी-पांढरी भोकं, म्हणून मध्ये कन्व्हर्टर लागतो. पोराने दिला तो उलटा, एव्हीचं एचडीएमआय करणारा. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच. ओळखायची खूण एकच: ७२०/१०८० असा खटका असेल तर ती नको, पाल/एनटीएससी (रंगीत चित्र पाठवायच्या दोन जुन्या पद्धती) असेल तर ती आपली.

"बदलून दे."

"पॅकिंग फोडलंय ना तुम्ही."

न फोडता जोडायची कशी, ते काही सांगेना.

इतक्यात स्क्रीनगार्ड लावून घ्यायला बसलेल्या एका गृहस्थांनी मान वळवली. "म्हणजे मागे पोट असलेला टीव्ही? रुंदी किती?"

"दोन फूट."

"आणि पुढून मागे?"

"दीड असेल."

त्यांनी मोबाइल काढला. स्क्रीनगार्ड निम्माच चिकटला होता, पोरगा "साहेब, बुडबुडे येतील" म्हणून कळवळला, पण हे थांबेनात. "तीन चौरस फूट. तुमच्या भागात जागेचा चौरस फुटाला रेट काय? वीस हजार धरू. साठ हजारांची जागा अडवून बसलाय तो! स्टॅम्प ड्युटी वेगळी. भाडं लावलं असतंत तर..."

"टीव्हीला?"

"तत्त्व म्हणून हो! भंगारात द्या."

त्यांच्या भिंतीवरच्या टीव्हीखाली पाच फुटी युनिट नक्की असणार. त्याचा रेट विचारायचं राहिलं. आणि भंगारात द्या म्हणे! भंगारवाला आतलं तांबं काढून घेतो आणि शिसं असलेली काच नाल्याकाठी टाकून जातो. चालता टीव्ही त्यासाठी फोडायचा?

बरोबर डबी मिळाली तरी सुटका नाही. तिला मोबाइलच्या चार्जरवरून वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. एचडीएमआयच्या तारेतूनही ५ व्होल्ट येतात, पण खात्रीचा करंट जेमतेम ५५ मिलिअँपियर. तेवढ्यावर कधीकधी दिवा लागतो, चित्र येत नाही, आणि दुकानदाराला पुन्हा "टीव्ही गेलाय" म्हणायला मोकळीक. खटका पालवर ठेवायचा. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं ते पालमध्येच, आणि आपले जुने टीव्ही त्याच वळणाचे. एनटीएससीवर राहिला तर चित्र एकतर काळंपांढरं दिसतं, नाहीतर खालीवर पळत राहतं. टीव्हीला एकच स्पीकर असेल तर पांढरी पिन लावा, लाल लोंबकळू दे; मात्र स्टिकच्या सेटिंगमध्ये मोनो (डावा-उजवा एकत्र) आवाज मिळाला तर घ्या, नाहीतर उजवीकडचा आवाज गेलाच.

हा सगळा खटाटोप स्टिकवाल्यांनी एक साधं एव्हीचं भोक ठेवलं नाही म्हणून. सेट-टॉप बॉक्सवाल्यांनी निदान ते ठेवलं तरी होतं.

क्रिकेटचा धावफलक कडेला कापला जातो, कारण पिक्चर ट्यूब चित्राच्या कडा मुळातच झाकते. स्टिकच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेचा आकार थोडा कमी केला की तो आत येतो. अक्षरं मात्र बारीकच राहणार. १०८० ओळींचं चित्र ५७६ ओळींत कोंबलेलं असतं. मॅच बघा, मेनू वाचायच्या फंदात पडू नका.