‘युरोप तलवारीने बाटवला’, हे कितपत खरं?

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचं सार असं: ३१३ साली सम्राट कॉन्स्टन्टाइनने ख्रिस्ती धर्म रोमचा राजधर्म केला, गोरगरिबांना आमिषं दाखवली आणि उरलेला युरोप तलवारीने बाटवला. गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, कहाण्या ऐकलेल्या आपल्याला हे चटकन पटतं. पण गोव्याची गोष्ट सुरू होते सोळाव्या शतकात. तिच्या चष्म्यातून आधीची दीड हजार वर्षं वाचली की घोळ होतो.

पहिला दावा तर सरळच चुकीचा आहे. ३१३ साली ख्रिस्ती लोकांना आणि इतरांनाही आपापला धर्म पाळायची मोकळीक मिळाली, एवढंच. राजधर्माचा हुकूम सम्राट थिओडोसियसचा, ३८० सालचा. शिवाय त्याच्या कितीतरी आधी, ११२ च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनियाचा सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की ही ‘अंधश्रद्धा’ शहरंच नव्हे, खेडीपाडीही व्यापते आहे आणि देवळं जवळजवळ ओस पडली होती. ख्रिस्तीपण सोडायला नकार देणाऱ्यांना तो मृत्युदंड देत होता. म्हणजे तलवार होती, पण ती प्लिनीच्या हातात.

आमिषाचं काय? इथे मी विरोधकाचीच साक्ष काढतो. सम्राट ज्युलियन (३६१ ते ३६३) ख्रिस्ती घरात वाढला, मग तो धर्म सोडून जुन्या देवांना पुन्हा उभं करायला निघाला. गॅलेशियातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला तो त्राग्याने लिहितो: हे गॅलिलीवाले (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना पोसतात, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आपले लोक मात्र आपल्याच माणसांना विचारत नाहीत. मग तो गावोगाव धर्मशाळा काढायला सांगतो आणि त्यासाठी धान्य आणि दारू मंजूर करतो. याला आमिष म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग ज्युलियनही तेच वाटायला निघाला होता.

तलवारीचा दावा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग झाकू नये. ७८२ साली आजच्या जर्मनीतल्या फेर्डेन इथे फ्रँकांचा ख्रिस्ती राजा शार्लमेन याने साडेचार हजार सॅक्सन एका दिवसात मारल्याचं फ्रँकांचीच बखर सांगते. आकड्यावर वाद आहे. पण बाप्तिस्मा नाकारणाऱ्या सॅक्सनाला देहदंड, हा त्याचा कायदा लेखी आहे.

मात्र सगळा युरोप म्हणजे सॅक्सनी नव्हे. आयर्लंड रोमने कधी जिंकलंच नाही, तिथे धर्मप्रसारक पॅट्रिकच्या मागे कुठलं सैन्य होतं? इंग्लंडमधल्या केंटमध्ये ५९७ साली रोमहून पाठवलेला धर्मप्रसारक ऑगस्टिन चाळीसेक माणसं घेऊन उतरला. राजा एथेलबर्टची राणी बर्था आधीच ख्रिस्ती होती. तरीही राजा पाहुण्यांना उघड्यावर भेटला, कारण घरात ते जादूटोणा करतील अशी त्याला धास्ती!

आइसलँडचं प्रकरण तर फारच रंगतदार. १००० च्या सुमारास नॉर्वेच्या राजाने तिथले काही तरुण ओलीस धरले होते, तेव्हा दडपण होतंच. पण निर्णय झाला लोकसभेत, ऑल्थिंगमध्ये. लवाद म्हणून नेमलेला थोर्गेर स्वतः जुन्या देवांना मानणारा. तो दिवसभर आणि रात्रभर पांघरूण ओढून पडून राहिला, आणि उठून म्हणाला: सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा, म्हणजे कायदा एकच राहील. सवलतीही दिल्या: घोड्याचं मांस चालेल, आणि जुन्या देवांना गुपचूप बळीही. बाप्तिस्मा असा वाटाघाटीत ठरलेला!

आणि लिथुएनिया? ट्यूटॉनिक सरदार, म्हणजे जर्मन ख्रिस्ती लढवय्यांचा संघ, जवळजवळ शंभर वर्षं धर्माच्या नावाने तिथे स्वाऱ्या करत राहिले, तरी लिथुएनियन बधले नाहीत. १३८६ साली त्यांचा ग्रँड ड्यूक (राज्यकर्ता) योगाइला याने बाप्तिस्मा घेतला तो पोलंडची राणी याद्विगा आणि तिच्यासोबत येणाऱ्या मुकुटासाठी. पुढच्या वर्षी प्रजेचे बाप्तिस्मे सुरू झाले. सरदारांच्या स्वाऱ्या मात्र त्यानंतरही थांबल्या नाहीत. अखेर १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या मैदानात याच ख्रिस्ती योगाइलाने त्यांचा धुव्वा उडवला.