अकरा उपाय, अकराही गुणकारी

गेल्या अडीच वर्षांत मी झोपेसाठी ११ उपाय केले आणि अकराच्या अकरा लागू पडले. झोप मात्र होती तशीच राहिली.

ही गंमत माझ्या लक्षात आली ती एका वहीमुळे. मैत्रिणीनं सुचवलं म्हणून मी रोज सकाळी दोन ओळी लिहायला लागले होते. रात्री किती वाजता आडवी झाले, कितीदा जाग आली आणि उठल्यावर कसं वाटतंय त्याला दहापैकी गुण. नवा उपाय सुरू केला की त्या तारखेवर लाल पेनानं फुली. कॅमोमाइलचा चहा, फुली. लॅव्हेंडरचं तेल, फुली. मॅग्नेशियम, मेलाटोनिन, अश्वगंधा, कोमट पाण्यात पाय, डाव्या नाकपुडीनं श्वास. प्रत्येक फुलीनंतर तीन-चार दिवसांत गुण वर चढायचे आणि मी चार जणींना फोन करून सांगायचे, "अगं, हे करून बघच."

एका रविवारी मी ते सगळे गुण आलेखाच्या कागदावर मांडले. डोंगररांगेसारखी रेघ आली. मग तिच्यावर फुल्या टाकत गेले. एकही फुली माथ्यावर नव्हती, चढावरही नव्हती. सगळ्या दरीच्या तळाशी.

आता यात नवल ते काय! छान झोप लागल्यावर नवा उपाय कोण शोधतं? मी शोधायचे ते लागोपाठ दोन-तीन रात्री छताकडे बघत काढल्यावर, अगदी रडकुंडीला येऊन. आणि सगळ्यात वाईट रात्रीनंतरची रात्र बहुधा तिच्यापेक्षा बरी असते. काही केलं तरी, आणि काहीच केलं नाही तरी.

संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीची मापं मांडून ते दाखवलं. फार उंच आईबापांची मुलं उंच निघतात, पण सहसा त्यांच्याइतकी नाही. (गाल्टनची वंशसुधाराची मतं भयंकर होती. पण हे एक निरीक्षण पक्कं आहे.)

तेव्हापासून मला हे सगळीकडे दिसायला लागलंय. कंबर, गुडघे, अर्धशिशी, पित्त, मनाची मरगळ. ही दुखणी भरती-ओहोटीसारखी येतात-जातात. आपण भरतीला उपाय सुरू करतो आणि ओहोटीचं श्रेय उपायाला देतो. सर्दीचं तर विचारूच नका. ती साधारण ७ ते १० दिवसांत आपली आपण जाते. चौथ्या दिवशी वैतागून काहीतरी घेतलं की सातव्या दिवशी ते रामबाण ठरणारच.

लायनस पॉलिंगसारखा दोन नोबेल मिळवलेला माणूस १९७०च्या दशकात सर्दीवर व्हिटॅमिन सीचा प्रचार करत फिरला. पुढे कोक्रेन या संस्थेनं सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या. रोज गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य लोकांना सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. झालेली सर्दी मोठ्या माणसांत सुमारे ८ टक्के लवकर आटोपली. सात दिवसांच्या सर्दीचा हिशेब केला तर साधारण तेरा तास. तेही वर्षभर रोज गोळी घेत असाल तर. नाक गळायला लागल्यावर घेऊन ठोस फायदा दिसला नाही. मॅरेथॉन धावणारे, बर्फात स्कीइंग करणारे किंवा कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक असाल तर मात्र आकडे चांगले आहेत, सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. मी यांपैकी कोणीच नाही.

म्हणून हल्ली कोणी "मला अमुक गोष्टीनं गुण आला" म्हटलं की मी एकच विचारते, ते घेतलं नसतं तर काय झालं असतं? हा प्रश्न फार उद्धट वाटतो, याची मला कल्पना आहे. एक-दोन जणींनी बोलणं कमी केलंय. पण आरोग्यावरचं सगळं संशोधन याच एका प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी चाललेलं असतं.

१७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या वैद्यानं स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी कमी पडल्यानं होणारा रोग) झालेले १२ खलाशी घेतले. सगळ्यांची अवस्था साधारण सारखी, जेवण सारखं. दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली सायडर, एकीला पातळ केलेलं गंधकाम्ल, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला औषधी मसाल्यांचा लगदा आणि एकीला रोज दोन संत्री, एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली, पण तोवर त्या दोघांतला एक कामावर जायच्या लायकीचा झाला होता. सायडरवाले किंचित सुधारले. बाकीचे होते तिथेच. आता बघा, समुद्राचं पाणी नैसर्गिकच होतं आणि व्हिनेगरसुद्धा. तुलनेला दुसऱ्या जोड्या नसत्या तर त्यातल्या प्रत्येक उपायाला कोणीतरी भक्त मिळाला असता. इतकं करूनही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं.

याचा अर्थ झाडपाल्यात काही नसतं, असं मी मुळीच म्हणत नाही. उलट मला राग येतो तो दोन्ही बाजूंच्या आळसाचा. एक बाजू म्हणते, जुनं आहे म्हणजे सिद्धच आहे. दुसरी म्हणते, जुनं आहे म्हणजे थोतांड. दोघांनाही तपासायचं नसतं. चीनच्या थू यूयू यांच्या गटानं १९७०च्या सुमारास मलेरियावर औषध शोधताना शेकडो जुन्या औषधी कृतींची छाननी केली. दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीचा अर्क कधी चाले, कधी चालत नसे. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलं होतं, उकळायला नाही. थू यांच्या डोक्यात प्रकाश पडला की उष्णतेनंच औषध मरत असणार. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला, माणसांना देण्याआधी स्वतः घेऊन पाहिला. आर्टेमिसिनिन हाती आलं, २०१५ साली नोबेल मिळालं. जुन्या ग्रंथातली ती एक ओळ नसती तर हे जमलं नसतं. आणि नुसती ती ओळ पुरली असती तर सोळाशे वर्षं थांबावं लागलं नसतं.

आता "अमुक संशोधनात सिद्ध झालं" या वाक्याबद्दल. २०१५ साली जॉन बोहॅनन या पत्रकारानं मुद्दाम एक फसवा प्रयोग केला. चॉकलेट खाल्ल्यानं वजन लवकर उतरतं, असा. प्रयोग खरोखर केला होता, पण माणसं १५ आणि मोजमापं १८. वजन, कोलेस्टेरॉल, झोप, काय वाटेल ते. इतक्या कमी माणसांवर इतक्या गोष्टी मोजल्या की एखाद्या गोष्टीत योगायोगानं फरक दिसण्याची शक्यता भरपूर असते. इथे तो वजनात दिसला. पैसे भरून निबंध छापून आला आणि अनेक देशांतल्या वर्तमानपत्रांनी तो आनंदानं उचलला. किती माणसांवर प्रयोग झाला, एवढंही फारसं कोणी विचारलं नाही. मी तेव्हा ती बातमी वाचली असती तर नक्कीच पुढे पाठवली असती, चॉकलेट चघळत.

आता थोडं अवघड सांगते. वरचं सगळं वाचून "करून बघायला काय जातंय, नैसर्गिकच तर आहे" असं वाटत असेल तर हे तुमच्यासाठी.

बाबा रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेतात. ज्यांच्या घरी हे औषध आहे त्यांना आयएनआर ही तपासणी माहीत असेल. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा तो अंदाज, आणि तो एका ठरावीक पट्ट्यात राहावा लागतो. बाबांचा आकडा वर्षानुवर्षं त्या पट्ट्यात होता. एकदा घसरला. डोस वाढवला, तरी हवा तसा चढेना. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही औषध सुरू केलंत का? बाबा म्हणाले, नाही. तीनदा विचारलं, तीनदा नाही. घरी आल्यावर मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला आणि हात थंड पडले. मीच आणून दिलेली कॅप्सूलची बाटली होती. ते गप्प गप्प असायचे म्हणून, मन प्रसन्न राहावं म्हणून. सेंट जॉन्स वर्ट.

"बाबा, हे का नाही सांगितलंत?"

"ते कुठे औषध आहे? झाडपाला आहे, असं तूच म्हणालीस ना?"

या झाडपाल्याचा पुरावा चांगला आहे, हीच यातली खोच. सौम्य ते मध्यम नैराश्यात तो खोट्या गोळीपेक्षा (औषध नसलेली गोळी, प्लॅसिबो) सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीचा ठरतो, असं २००८च्या कोक्रेन आढाव्यात २९ चाचण्यांवरून दिसलं. पण जी गोष्ट शरीरात खरोखर काम करते, ती शेजारच्या कामातही हात घालते. ही वनस्पती यकृतातली काही विकरं (एन्झाइम्स) वाढवते आणि मग दुसरी औषधं शरीरातून भराभर बाहेर टाकली जातात. वॉरफरिन त्यातलंच. संततिनियमनाच्या गोळ्या, एचआयव्हीची काही औषधं, प्रत्यारोपणानंतर घ्यायचं सायक्लोस्पोरिन, यांनाही ती निकामी करू शकते. हृदय-प्रत्यारोपण झालेल्या दोघांचं शरीर नवं हृदय नाकारायला लागलं होतं आणि कारण हेच निघालं, अशी नोंद २००० साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. बाबांचं निभावलं. डॉक्टरांना सांगून, त्यांच्या देखरेखीखाली कॅप्सूल थांबवली आणि डोस पुन्हा बसवावा लागला. मी मात्र बरेच दिवस कोणाला कसला सल्ला दिला नाही.

बाटलीवर छापलंय तेवढंच आत असतं, हाही एक भाबडेपणा. कॅनडात २०१७ साली मेलाटोनिनची ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा कुठे लिहिल्यापेक्षा ८३ टक्के कमी तर कुठे ४७८ टक्के जास्त मात्रा सापडली. माझ्या बाटलीत किती होतं कोण जाणे. मी आपली प्रामाणिकपणे फुली मारून मोकळी.

मग झोपेचं पुढे काय झालं?

शेवटी मी एका तज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी गोळी दिली नाही. सीबीटी-आय नावाची, औषधाऐवजी झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची पद्धत सांगितली. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच करावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ साली सांगितलंय. इतका रुक्ष उपाय मी आयुष्यात पाहिला नव्हता. रोज एकाच वेळी उठायचं, झोप लागो न लागो. दुपारी डुलकी नाही. अंथरूण फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटं डोळा लागला नाही असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत जायचं. आणि सगळ्यात जाच म्हणजे अंथरुणात घालवायचा वेळच कमी करायचा. मी साडेआठ तास लोळून जेमतेम सहा तास झोपत होते, तर मला सहाच तास दिले. (अपस्मार किंवा बायपोलर असणाऱ्यांनी आणि रात्री वाहन चालवणाऱ्यांनी हे मनानं करू नये, असं त्यांनी बजावलं होतं.)

मी लगेच आजपासूनच सुरू करते म्हणाले, तर बाई म्हणाल्या, "नाही. आधी दोन आठवडे फक्त नोंदी ठेवा."

त्यामुळे हा एकच उपाय असा, ज्याची फुली दरीच्या तळाशी नाही. एका साध्या, ना धड चांगल्या ना धड वाईट मंगळवारी आहे. आणि याच एका फुलीनंतर रेघ वर गेली नाही, खाली गेली. पहिले दहा-बारा दिवस मी भूत झाले होते. चहात मीठ घातलं, जिन्यात बसून रडले. जुनी सवय असती तर चौथ्या दिवशी सोडून तेरावा उपाय शोधला असता. पाचव्या आठवड्यात रेघ हळूहळू उचलली आणि या खेपेला लगेच कोसळली नाही. आठ महिने झाले. अजूनही महिन्यातून तीन-चार वाईट रात्री असतात. तेव्हा मी काहीच करत नाही, दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी उठते.

खोट्या गोळीनं बरं वाटत असेल तर त्यात वाईट काय, असं एका मैत्रिणीनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. टेड कॅप्चक या संशोधकानं २०१० साली आतड्याच्या विकाराच्या ८० रुग्णांवर प्रयोग केला. जवळपास अर्ध्यांना चक्क सांगून खोटी गोळी दिली. गोळीवाल्यांपैकी ५९ टक्क्यांना समाधानकारक आराम पडला, काही न घेणाऱ्यांत ३५. म्हणजे काळजी घेतली जाण्याचं, रोज काहीतरी आपल्यासाठी करण्याचं मोल आहेच. आणि ते काही न घेणारे ३५ टक्केही विसरू नका. एकही गोळी न घेता त्यांनाही बरं वाटलं.

लॅव्हेंडरची बाटली अजून उशाशी आहे. रोज दोन थेंब रुमालावर टाकते, वास आवडतो म्हणून. वहीत तिची नोंद करत नाही.