अ‍ॅना सेवेलला कुठल्याही टांग्याने चिरडलं नव्हतं

‘ब्लॅक ब्यूटी’ ही घोड्याची इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्या अ‍ॅना सेवेलवरचा तो मेसेज अखेर आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. नुसता फिरत होता तोवर मी गप्प होतो. पण एका काकूंनी तो थेट माझ्या भाचीला उद्देशून टाकला. भाची कुबड्या घेऊन चालते, बी.कॉम. करते. खाली काकूंची ओळ : ‘वाच आणि हिंमत धर.’ तिने ती सोडली होती असं काकूंना कुणी सांगितलं, देव जाणे.

मेसेज थोडक्यात असा : एका दारुड्या टांगेवाल्याने छोट्या अ‍ॅनाला चिरडलं. ती जन्मभर अंथरुणाला खिळली. तरी त्याला माफ करून तिने मुलांसाठी घोड्याची गोष्ट लिहिली, पुस्तक छापून येण्याआधीच ती वारली, आणि त्या पुस्तकामुळे इंग्लंडात प्राण्यांचा छळ रोखणारा पहिला कायदा झाला. शेवटी ठरलेलं वाक्य : ‘आपल्याला तर हातपाय धड आहेत!’

टांगेवाला निव्वळ रचलेला आहे. अ‍ॅना १८२० साली ग्रेट यारमथला जन्मली. १४ वर्षांची असताना शाळेतून घरी येताना पावसात पाय घसरून पडली आणि तिचे घोटे दुखावले. ते पुन्हा कधी धड बरे झाले नाहीत. एवढंच. यात ना टांगा, ना दारू, ना माफी.

गोष्टीला खलनायक लागतो म्हणून कुणीतरी घुसडला असेल, सोडून द्या, असं म्हणता आलं असतं. पण खलनायक म्हणून घुसडला कुणाला? तर नेमकं त्याच माणसाला, ज्याची बाजू मांडायला ही बाई बसली होती. तिच्या स्वतःच्या टिपणात ते स्वच्छ लिहिलंय. तिच्या आईच्या चरित्रात ते टिपण छापलेलं आहे. ती म्हणते, कॅबच्या, म्हणजे भाड्याच्या घोडागाडीच्या, घोड्यांचा विचार करता करता मी कॅबवाल्यांचा विचार करू लागले, आणि त्यांची खरी स्थिती, त्यांच्या अडचणी नीट मांडाव्यात असं मला वाटतं. दारात थांबलेल्या एका कॅबवाल्याशी ती उघड्या खिडकीतून बोलली होती, तेही तिने नोंदवलंय. धार्मिक मंडळी रविवारी कॅब करून चर्चला जातात आणि आमचा सुट्टीचा दिवस खातात, ही त्या माणसांच्या मनातली कडवट भावना तिने ऐकून घेतली.

ते सगळं पुस्तकात उतरलंय. जेरी बार्कर हा कॅबवाला त्यातला सगळ्यात भला माणूस आहे, आणि तो रविवारी गाडी काढत नाही. सॅम नावाचा दुसरा घोडा दामटतो, पण का, ते त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतं : गाडी आणि दोन घोड्यांचं दिवसाचं भाडं १८ शिलिंग, ते भरून निघेपर्यंत स्वतःच्या पोटाला एक पेनीही नाही. आजच्या भाड्याच्या रिक्षावाल्याला हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही. मेसेज लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलं असतं तर त्याला दारुडा टांगेवाला लिहायची लाज वाटली असती.

‘जन्मभर अंथरुणाला’ यात अर्धं खरं आहे, तेवढं देतो. शेवटची वर्षं ती खरोखर घरात, सोफ्यावरच होती. पुस्तक तेव्हाच, जमेल तसं लिहिलं गेलं आणि आईने त्याची प्रत उतरून काढली. पण त्याआधीची कित्येक वर्षं फार चालता येत नाही म्हणून ती छोटी घोडागाडी स्वतः हाकायची. वडिलांना स्टेशनवर सोडायची, आणायची. तिच्या आईचं ते चरित्र लिहिणाऱ्या मिसेस बेली एकदा तिच्या गाडीत बसल्या होत्या. लगाम सैल सोडून ती घोड्याशी माणसासारखी बोलत होती, असं त्यांनी लिहून ठेवलंय. तिला घोडे कळले ते असे. पाय अधू ‘असूनही’ तिने हे लिहिलं म्हणताना गाडीवर गेलेली ही सगळी वर्षं आपण पुसून टाकतो. ‘हातपाय धड’ हे वाक्य मुळात कुणासाठी आहे? धडधाकटांना बरं वाटावं म्हणून. भाचीला त्याचा काय उपयोग? तिला कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट हवी आहे. त्यावर ग्रुपमध्ये कधी कुणी बोललेलं आठवत नाही.

बाकीचं पटकन. पुस्तक मुलांसाठी लिहिलेलं नव्हतं. घोड्यांशी रोज काम पडणाऱ्या मोठ्यांसाठी होतं, मुलांनी ते नंतर आपलंसं केलं. ते नोव्हेंबर १८७७ मध्ये बाजारात आलं आणि अ‍ॅना एप्रिल १८७८ मध्ये गेली, म्हणजे छापील पुस्तक तिने पाहिलं. पुढचा प्रचंड खप मात्र नाही पाहिला, हे खरं.

आणि कायदा? घोड्या-गुरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा इंग्लंडचा कायदा १८२२ चा आहे. तेव्हा लेखिका दोन वर्षांची होती. घोड्याची मान वर ताणून ठेवणाऱ्या लगामाविरुद्ध लोकमत फिरवण्यात पुस्तकाचा मोठा वाटा होता, तेवढं श्रेय पुरेसं आहे. १८९० मध्ये प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्या जॉर्ज एंजेल यांनी ते पुस्तक अमेरिकेत छापलं, परवानगी किंवा मानधनाच्या भानगडीत न पडता, आणि गाडीवानांना, तबेल्यात राबणाऱ्यांना वाटलं.